दोष कुणाचा?

मुलांनो, माझा धाकटा भाऊ संगणकावर मित्रांबरोबर ऑनलाइन खेळ खेळतो. गेल्या वर्षी रोज रात्री त्याचे वाय-फाय मध्येच तुटू लागले. "हरायला लागलास की पळतोस," असे मित्र त्याला चिडवत. तो रडकुंडीला येई. शेजारच्या खाला आमचे वाय-फाय चोरून वापरतात, असा मला संशय आला. मी त्यांच्याशी अबोला धरला.

मग मी एक वही केली. वाय-फाय तुटले की त्यात वेळ लिहू लागले. तीन दिवसांत उलगडा झाला. अब्बा कामावरून येत, अम्मी मायक्रोवेव्हमध्ये जेवण गरम करी आणि नेमके तेव्हाच वाय-फाय तुटे! चौथ्या दिवशी जेवण चुलीवर गरम केले. खेळ सुरळीत चालला.

मायक्रोवेव्ह आणि आमचे वाय-फाय, दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरतात. मायक्रोवेव्हमधून किंचित लहरी बाहेर येतात व वाय-फायच्या संदेशात अडथळा आणतात. आम्ही संगणक राउटरला केबलने जोडला. अडचण मिटली.

त्याच संध्याकाळी मी खालांची माफी मागितली. मुलांनो, तुम्हीही आधी नोंद करा, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा. पुराव्याशिवाय कुणालाही दोष देऊ नका.