गाळलेली पानं

दादा, म्हणजे माझे वडील, उसाच्या गाडीवरून पडले तेव्हा मी सातवीत होतो. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढताना पाय घसरला आणि कंबर कायमची गेली. दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी धारूरच्या डोंगरपट्ट्यातली आमची गावं रिकामी व्हायची. पुढच्या हंगामात आई मामा-मामीसोबत तोडीला गेली. घरात बाजेवर दादा, आणि मी.

दादांना अक्षरओळख नव्हती. शाळेच्या पेटीतून मी नाथमाधवांची 'वीरधवल' आणली, ती केवळ जाड होती म्हणून. रात्री दिव्याजवळ बसून मोठ्यानं वाचायचो. त्यातला कुठलाही किल्ला मला धारूरचाच वाटे. दादा आढ्याकडे बघत ऐकायचे. मी थांबलो की म्हणायचे, "मंग? पुढं?"

मला फक्त लढाया आणि भुयारं हवी असत. कुणी झुरत बसलं, रानाचं वर्णन आलं, की मी चार-चार पानं उलटायचो. दादांच्या ते लक्षात यायचं. "आत्ता तर ती रडत व्हती, लगेच कशी निघाली?" मी सांगायचो, "पुस्तकातच तसं हाय." ते गप्प व्हायचे. आपल्यालाच समजलं नसेल, असं त्यांना वाटत असावं. हे आठवलं की आजही मान खाली जाते.

पुढच्या दिवाळीत, पाडव्याच्या सुमारास, टोळीचा मुकादम आला. आगाऊ घेतलेली उचल अंगावर होती. यंदा पोराला आईबरोबर धाडा, जोडीचा कोयता पुरा होईल, असं त्यानं सुचवलं. दादा म्हणाले, "पैसे फेडू. पर ह्यो मला वाचून दाखवतो. ह्याला नेयाचं न्हाई." मी शिकलो, मास्तर झालो, ते त्या एका वाक्यावर.

पुढे अंबाजोगाईला कॉलेजात चार मोठ्या लेखकांची नावं कानावर पडली आणि 'वीरधवल' मला पोरकट वाटू लागली. कुणी लहानपणीचं वाचन विचारलं तर मी तिचं नाव घेत नसे.

दादा गेल्यावर, माझ्या बेचाळिसाव्या वर्षी, ती पुन्हा हाती घेतली. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, हे तेव्हा कळलं. विशीत ते सिंहगडाच्या कड्यावरून पडले, कमरेखाली लुळे झाले. अंथरुणावर पडून वाचू लागले, मग लिहू लागले. १९०८ मध्ये 'प्रेमवेडा', १९१३ मध्ये 'वीरधवल', पुढे स्वराज्यावरच्या कादंबऱ्या. १९२८ मध्ये गेले, शेहेचाळीस वर्षांचे होऊन. पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. कंबर मोडलेल्या माणसानं लिहिलेलं मी कंबर मोडलेल्या माणसाला वाचून दाखवत होतो, आणि दोघांमधली पानं मीच गाळत होतो.

त्या पानांवर थांबून राहिलेली माणसं आहेत. रात्री सरत नाहीत, निरोप येत नाही. योगायोग फार आहेत, भाषा जुनी झाली आहे, हे खरं. पण बाजेवरून दादांना जे ऐकायचं होतं ते तिथंच होतं.

यंदा आमच्या हंगामी वसतिगृहात तोडीला गेलेल्यांची मुलं आहेत. जेवणं झाली की मी त्यांना 'वीरधवल' वाचून दाखवतो, ओळ न ओळ. काल रात्री त्रेसष्टाव्या पानावर थांबलो.