अर्धी शक्ती

सकाळी सातच्या सुमाराला छत्रपती संभाजीनगरातल्या औरंगपुऱ्याच्या एकाच रस्त्यावर तीन-चार घड्याळे चालू असतात. सरस्वती भुवन शाळेच्या दिशेने दप्तरे निघालेली असतात, गाड्यांवरच्या मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडले जात असते, वाळूजच्या कारखान्यांतून रात्रपाळी संपवून आलेली माणसे डोळे चोळत घराकडे वळलेली असतात. ज्या गल्लीत आज नळाचा दिवस असतो, तिथे ड्रम, टाक्या, बादल्या, सगळे भरून घेण्याची घाई असते. अशा रस्त्यावर आयुर्वेदातल्या दिनचर्येची गोष्ट काढली, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कामांची एक लांब यादी उभी राहते: पहाटे चारला उठा, तांब्याच्या भांड्यातले पाणी प्या, तेलाच्या गुळण्या करा, अंगाला तेल चोळा, व्यायाम करा. आठवडाभर यादी पाळली जाते, दहाव्या दिवशी ती सुटते आणि दोष स्वतःच्या आळसाकडे जातो. मला वाटते, इथे माणसावर अन्याय होतो आणि शास्त्रावरही. दिनचर्येचा गाभा यादीत नाही, तो मात्रेत आहे. आणि मात्रा ठरते ती माणूस कोणत्या गावात राहतो, कोणता ऋतू चालू आहे आणि त्याच्या वाट्याला कोणते काम आले आहे, यांवरून.

याचा पुरावा मूळ ग्रंथातच आहे. सातव्या शतकाच्या आसपासच्या वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. ब्राह्ममुहूर्तावर उठण्याचा नियम तिथे पहिल्याच श्लोकात येतो, पण तो स्वस्थ माणसासाठी सांगितलेला आहे, सरसकट सगळ्यांसाठी नाही. पुढे दातवणाची पाळी येते. ते बारा अंगुळे लांब, करंगळीच्या टोकाएवढे जाड आणि सरळ असावे. चावताना हिरड्यांना इजा होऊ देऊ नये. कडुलिंबाची ओली काडी दाढेखाली धरली, की आधी साल सुटते, मग आतल्या तंतूंचा कुंचला होतो. एवढ्या साध्या क्रियेलाही ग्रंथ लगेच अपवाद जोडतो: अजीर्ण, खोकला, ताप किंवा तोंड आलेले असेल, तर दातवण नको. कफाने ग्रासलेल्याला आणि अजीर्ण झालेल्याला अभ्यंग वर्ज्य आहे. व्यायाम सांगितला आहे तो अर्ध्या शक्तीने, तोही बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसाने, थंडीत आणि वसंतात. एरवी त्याहूनही कमी. अर्धी शक्ती ओळखायची कशी, हे सुश्रुताने सांगून ठेवले आहे: श्वास तोंडाने येऊ लागला, की निम्मे बळ खर्ची पडले. म्हणजे जवळजवळ प्रत्येक आज्ञेमागे कधी, कोणी आणि किती, हे प्रश्न उभे आहेत. या ग्रंथावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिणारा हेमाद्री, आपला हेमाडपंत, तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री होता. देवगिरी औरंगपुऱ्यापासून जेमतेम १५ किलोमीटरवर आहे. दिनचर्या कुठल्या दूरच्या आश्रमातून आपल्याकडे आली, असे मानणाऱ्याने हे अंतर लक्षात ठेवावे. राज्यकारभाराच्या धबडग्यातल्या माणसानेही तिचा बारकाईने विचार केला होता.

पहिला आक्षेप विज्ञानाचा: या सगळ्याला पुरावा काय? आणि तो रास्त आहे. शरीराला स्वतःचे घड्याळ असते, हे आता वादातीत आहे. ते पेशींच्या आत कसे चालते, हे दाखवणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. झोपेच्या, जेवणाच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, या आग्रहाला त्यामुळे भक्कम आधार मिळतो. पण म्हणून अध्यायातली प्रत्येक ओळ सिद्ध झाली, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच अध्यायात रोजचे अंजन आहे, औषधी धूमपान आहे, तांबूलही आहे. बाजारातल्या सुरम्यात शिसे असू शकते, धूर फुप्फुसांना कधीच मानवत नाही, आणि विड्यातली सुपारी कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच प्रसिद्ध केले आहे. या गोष्टी निःसंकोच सोडाव्यात. अपायकारक ते टाळायला शिकवणाऱ्या शास्त्राचा त्यात कसलाही अपमान नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. हे सगळे सवड आणि पाणी असलेल्यांचे चोचले आहेत, असे लोक म्हणतात. पैठणला नाथसागर जलाशय तुडुंब भरलेला असतानाही या शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांच्या खंडाने येते. तिथे सर्वांगाला तेल लावून, उटणे लावून, ऊन पाण्याने सावकाश अंघोळ करा, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? पण ग्रंथाने इथेही वाट ठेवली आहे. अभ्यंग सांगतानाच डोके, कान आणि पाय यांना तेल विशेष लावावे, असे म्हटले आहे. त्याला चमचा-दोन चमचे तेल पुरते, आणि बादलीभर पाण्याचीही गरज पडत नाही. आपल्या घरांतून तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासतात, तीही याच वळणाची. वाटी टाचेवरून बोटांकडे फिरत राहते, तूप हळूहळू काळे पडते. तो काळेपणा म्हणजे अंगातली उष्णता असे मानतात. खरे तर तो धातूचा असतो. पण दिवसभर गाड्यापाशी उभ्या राहिलेल्या पायांना मिळालेला आराम खोटा नसतो. ऋतूचेही तसेच. दिवसा झोपू नये, हा सर्वसाधारण नियम. ग्रीष्मात मात्र रात्री लहान असतात म्हणून दुपारची झोप चालते. मराठवाड्याच्या मे महिन्यात अर्धे शटर ओढून दुकानातच आडवा झालेला माणूस वाग्भटाच्या हिशेबाने दिनचर्याच पाळत असतो.

मात्र एका ठिकाणी ही सवलत तोकडी पडते, आणि ते कबूल केले पाहिजे. सवय नसताना जागरण झाले, तर जितके जागलो त्याच्या निम्मा वेळ सकाळी काही न खाता झोपावे, असे अष्टांगहृदय सांगते. एखाद्या रात्रीच्या जागरणाला हा उपाय पुरेसा आहे. पाळ्या बदलत राहणाऱ्या कामगाराला मात्र या हिशेबाने मिळणारी चार तासांची झोप पुरत नाही. रात्रपाळीचे काम कर्करोगाला कारण ठरण्याची शक्यता असल्याचे त्याच कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये नोंदवले आणि २०१९ मध्ये पुन्हा सांगितले. हा भार एकट्या माणसाच्या निग्रहावर टाकता येत नाही. पाळ्यांचे वेळापत्रक कारखाना ठरवतो, पाण्याची वेळ महापालिका ठरवते, शाळेची घंटा शाळा ठरवते. मुलांच्या झोपेचा विचार करून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला, तेव्हा त्याला कोणी आयुर्वेद म्हटले नाही. तरी दिनचर्येच्या बाजूने अलीकडे उचललेले मोठे पाऊल मी त्यालाच मानतो. तशी मुभा वाळूजहून परतणाऱ्यांना अजून कोणी दिलेली नाही. बसमधून उतरल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा-पोहे होतात, घरी गेल्यावर खिडकीला जाड चादर लावली जाते, आणि तासाभरात गल्लीत पाण्याची मोटर सुरू होते.