खूणगाठ

एखादी गोष्ट लक्षात ठेवायची असली की आमची आजी लुगड्याच्या पदराला गाठ मारी. संध्याकाळी दिवा लावताना ती गाठ हाताला लागे आणि आजी विचारात पडे, "ही बाई कशासाठी मारली होती मी?" आम्ही भावंडे पोट धरून हसत असू. आज ते हसणे माझ्यावरच उलटले आहे. महाविद्यालयात आल्यापासूनच्या तीन वर्षांत माझ्या संगणकाच्या पदराला अशा ८१२ गाठी बसल्या होत्या.

या गाठींना बुकमार्क म्हणतात, हे वाचकांना सांगायला नकोच. चांगला लेख दिसला की ब्राउझरमधला तारा दाबायचा. तारा दाबला की ज्ञान पदरात पडल्याचे समाधान मिळते आणि लेख वाचण्याची निकड संपते. मी कप्पेही केले होते : 'मराठी', 'मराठी नवे', 'महत्त्वाचे', 'फार महत्त्वाचे' आणि 'नंतर वाचणे'. या शेवटच्या कप्प्यात चारशेच्या वर पाने होती. असो.

यंदा प्रकल्पासाठी मी जात्यावरच्या ओव्या हा विषय घेतला. हेमा रायरकर आणि गी पॉइत्वँ यांच्या पुढाकाराने जमलेला लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह आहे. त्यातल्या ओव्या 'परी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. तिथवर सहज पोहोचलो. पण मला हवे होते ते एक लहानसे पान. आमच्या गावच्या निवृत्त गुरुजींनी गावातल्या बायकांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून तिथे ठेवल्या होत्या. दोन रात्री शोधल्यावर ते सापडले 'पाककृती' या कप्प्यात! तिथे कसे गेले, ते परमेश्वरालाच ठाऊक. उत्साहाने कळ दाबली, तर उत्तर आले : हे पान अस्तित्वात नाही.

माझा चेहरा पाहून आमच्या ग्रंथपाल बाईंनी कारण विचारले. सारे ऐकून म्हणाल्या, "अरे, पुस्तक एकाच फळीवर राहतं, पण त्याची कार्डं तालिकेत चार ठिकाणी असतात. लेखकाखाली, विषयाखाली, नावाखाली. तू नुसत्या फळ्या केल्यास. कार्डं कुठायत?" मग त्यांनी डॉ. रंगनाथन यांच्यावर अर्धा तास सांगितले. एका विषयाला अनेक अंगे असतात, हे धरून रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले. संगणकवाल्यांनी २००३ मध्ये 'डिलिशस' काढून प्रत्येक पानाला हवे तितके टॅग लावायची सोय केली, तेव्हा मला वाटते ते बाईंच्या कार्डांच्या कपाटापाशीच येऊन पोहोचले होते.

तेव्हा टॅग असलेले साधन हवे, हे ठरले. पण दुसरी गोष्ट बाईंनी सांगितली नव्हती, ती मला शोधता शोधता कळली. ही साधनेही मरतात! 'डिलिशस' हातोहाती विकले गेले आणि शेवटी थांबले. गूगलची बुकमार्क सेवा २०२१ मध्ये बंद झाली, 'पॉकेट' २०२५ च्या जुलैत. म्हणून घर बघताना मी आधी मागचे दार बघितले. 'रेनड्रॉप' घेतले ते त्यासाठी. टॅग आहेत, कप्पे आहेत, पैसे न देताही पुष्कळ भागते आणि सगळ्या खुणा एका फाइलमध्ये घेऊन केव्हाही बाहेर पडता येते. ती फाइल मी दर महिन्याला पेनड्राइव्हवर उतरवतो. प्रकल्पाची पाने मात्र 'झोटेरो'त. ते पत्त्याबरोबर पानाची प्रतही आपल्या संगणकात ठेवते.

सहा संध्याकाळी गाठी सोडवत बसलो होतो. १३७ पत्ते मेलेले निघाले. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये सांगितले होते, की २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. म्हणजे माझे फार बिघडले नव्हते. पण त्या १३७ मधले एक मला सुटेना.

कारण गुरुजींच्या त्या पानावर दुसरे नाव आमच्या आजीचे होते. तिला जाऊन दोन वर्षे झाली. तिचा आवाज आमच्या घरात कुठेच नाही; फोटो आहेत, आवाज नाही. तो पानावर आहे, तारा दाबलेला आहे, मग उतरवून घ्यायची घाई काय, असे मला वाटत राहिले.

इंटरनेट अर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्ये पत्ता घातला. पान मिळाले! ओव्यांचे शब्द आहेत, आजीचे नाव आहे, नावापुढे आवाजाचे लहानसे चित्रही आहे. ते दाबले की काही होत नाही.

ती प्रत मी ठेवली आहे. टॅग लावले : ओवी, गाव, आजी. गुरुजींना पत्र पाठवले. त्यांच्या मुलाचे उत्तर आले, की जुना टेपरेकॉर्डर आणि कॅसेटींचा डबा माळ्यावर असावा, पाहायला हवा. दिवाळीच्या सुट्टीत मी गावी जाणार आहे. शिडी आमच्याकडची नेतो, असे कळवले आहे.