जपानी शाळेतली पंगत आणि पोतेरं

जपान म्हटलं की डोळ्यांपुढे उभी राहते ती वाऱ्याच्या वेगाने धावणारी आगगाडी, चेरीचा बहर आणि फुजीचं पांढरं शिखर. लेकीकडे साडेतीन महिने राहून आले, त्यात हे सगळं मीही पाहिलं. पण ‘तिकडे काय पाहिलंत?’ असं कुणी विचारलं, की मी फुजीला दोन वाक्यांत आटपते आणि नातवाच्या प्राथमिक शाळेवर येते. फुजी काय, प्रत्येक प्रवाशाला भेटतो. शाळा मात्र घरात शाळकरी मूल असल्याशिवाय आतून दिसत नाही.

लेक-जावई टोकियोच्या पूर्वेकडच्या एदोगावा विभागात, निशी-कासाईला राहतात. आपल्या लोकांची तिथे चांगली वस्ती आहे. तूरडाळ, कढीपत्ता, हिंग सगळं कोपऱ्यावर मिळतं. २०१९ साली या विभागाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून आले, यावरून काय ते समजा. पुष्कळ भारतीय आईबाप मुलांना इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालतात. आमच्या जावईबापूंनी मात्र जवळच्या सरकारी जपानी शाळेत नाव घातलं. तिथे शिकवणीची फी नाही, आणि परदेशी मुलांनाही प्रवेश मिळतो.

आपल्यापैकी कितीजणींनी चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणलेलं ‘तोत्तोचान’ वाचलं असेल. आगगाडीच्या डब्यांत भरणारी ती तोमोए शाळा मुलखावेगळी होती, आणि १९४५ सालच्या बॉम्बवर्षावात ती जळून गेली. मी सांगते आहे ती शाळा तशी नाही बरं का! गावोगावी असते तशी साधी, चौकोनी, राखाडी इमारत. म्हणूनच तिच्याबद्दल सांगावंसं वाटतं.

परीक्षा आधी आईची

तिथलं शालेय वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. सहा वर्षं पूर्ण झालेलं मूल पहिलीत जातं, आणि प्राथमिक शाळा सहा वर्षांची असते. पहिल्या दिवसाचा समारंभ आपल्याकडच्या मुंजीसारखा. आईबाप ठेवणीतले कपडे घालून येतात, कुणी किमोनोही नेसतात. मुलाच्या पाठीवर ‘रान्दोसेरु’ नावाचं कडक चामड्याचं दप्तर असतं. त्याची किंमत पन्नास-साठ हजार येनपर्यंत जाते, म्हणजे आपले तीसेक हजार रुपये! ऐकून मी कपाळावर हातच मारला. पण ते एकच दप्तर सहावीपर्यंत चालवायचं असतं, आणि बहुधा आजी-आजोबा ते भेट देतात. म्हणजे खर्च आमच्याच पदरी!

मुलाची परीक्षा पुढे कधीतरी, आईची मात्र शाळा सुरू होण्याआधीच होते. प्रत्येक वस्तूवर नाव हवं. प्रत्येक म्हणजे खरोखर प्रत्येक. रंगखडूच्या एकेका कांडीवर, मोजणीच्या चिमुकल्या काड्यांवरसुद्धा. मी आणि लेक दोन रात्री नावं चिकटवत बसलो होतो. शाळेत घालायच्या मऊ बुटांसाठी कापडी पिशवी, पुस्तकांसाठी दुसरी, आणि जुना टॉवेल दुमडून शिवलेली दोन पोतेरी. होय, पोतेरीच! पाटी-पेन्सिलीच्या यादीत पोतेरं पाहून मला हसू आलं. ते कशासाठी, ते पुढे कळलं.

शाळेत पोचवायला आईने जायचं नाही. मुलं पायी जातात. पुष्कळ गावांत गल्लीतली मुलं टोळी करून निघतात आणि वरच्या वर्गातलं मूल पुढे चालतं. चौकात पिवळा झेंडा घेतलेले आजोबा किंवा आजी उभ्या असतात. कितीतरी दुकानांच्या आणि घरांच्या दारावर एक खुणेची पाटी दिसते. मुलाला वाटेत भीती वाटली, कुणी मागे लागलं, तर त्या घरात बेधडक शिरावं असा तिचा अर्थ. पोरं शाळेची, पण राखण साऱ्या आळीची.

वाढपी सहा वर्षांचे

शाळेत पालकांना दिवसभर बोलावण्याचे काही दिवस असतात. तशा एका दिवशी मी लेकीबरोबर गेले. दुपारी वर्गातली पाच-सहा मुलं उठली. पांढरे डगले, डोक्याला टोपी, तोंडाला फडकं. स्वयंपाकाकडून भाताचं भांडं, सुपाचं पातेलं, भाजी आणि दुधाचा ट्रे ढकलत वर्गात आणला. पळीने प्रत्येकाच्या वाडग्यात सारखं माप पडेल असं वाढलं. पहिलीतल्या चिमण्यांना सुरुवातीला सहावीची मुलं हाताशी धरून शिकवत होती. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर हात जोडून ‘इतादाकिमास’ म्हणायचं, मगच घास उचलायचा. बाईही त्याच वर्गात, तेच जेवतात. आणि आधीच मुख्याध्यापकांनी ते जेवण चाखून पाहिलेलं असतं. मुलांच्या पानात काही वावगं जाऊ नये म्हणून पहिला घास त्यांचा!

शाळेत जेवण देण्याची ही चाल १८८९ साली यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावी सुरू झाली. एका देवळातल्या भिक्षूंनी गरीब मुलांना भाताचे गोळे, खारवलेला मासा आणि लोणचं द्यायला सुरुवात केली. महायुद्धानंतर उपासमारीच्या दिवसांत बाहेरून आलेल्या मदतीवर ती पुन्हा उभी राहिली, आणि १९५४ साली तिचा कायदाच झाला. २००५ सालच्या दुसऱ्या कायद्याने आहाराचं शिक्षण हा शिक्षणाचा एक पायाच मानला. महिन्याभराचा जेवणाचा तक्ता घरी येतो. कोणत्या पदार्थातून काय मिळतं, तेही त्यात असतं. आमची पंचाईत एवढीच, की सुपात बहुधा सुक्या माशाचं सार उतरलेलं. लेक बाईंबरोबर बसून तक्ता तपासते आणि त्या दिवशी नातू घरचा डबा नेतो.

शुक्रवारी वाढप्याचा डगला घरी येतो. धुऊन, इस्त्री करून सोमवारी परत पाठवायचा, म्हणजे पुढच्या मुलाला तयार. हे काम अर्थातच कुणाचं, ते सांगायला नको!

झाडू कुणाच्या हाती

जेवण झालं की सफाई. पंधरा-वीस मिनिटं सारी शाळा कामाला लागते. बाकं मागे सरकतात, कुणी केर काढतं, कुणी सुपलीत भरतं. बाकीची मुलं ओणवी होऊन पोतेऱ्यावर दोन्ही हात टेकतात आणि वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत फरशी पुसतात. पुष्कळ शाळांत मोठ्या वर्गांतली मुलं संडासही धुतात. मुलगा-मुलगी हा भेद नाही. शाळेत दुरुस्तीला, इतर कामांना माणसं असतात. पण आपला वर्ग आपणच स्वच्छ करायचा हा धडा आहे, शिक्षा नव्हे. अशा साऱ्या गोष्टींना तिथे ‘तोक्कात्सु’ म्हणतात, म्हणजे विशेष उपक्रम. अभ्यासक्रमात त्यांना गणित-भाषेसारखीच जागा आहे. इजिप्त देशाने तर २०१८ पासून याच पद्धतीच्या शाळा काढल्या आहेत.

मी पाहत होते आणि मनात आपल्याकडचे विचार चालले होते. केर कुणी काढायचा हे आपल्याकडे जन्मावरून ठरत आलं, आणि घराच्या आत बाई असण्यावरून. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावंच्या गावं झाडली. आपण त्यांच्या पाया पडलो, पण खराटा त्यांच्याच हातात राहू दिला. नातवाला गुडघ्यावर बसून फरशी पुसताना पाहिलं, तेव्हा क्षणभर ‘अरे, माझं पोर!’ असं झालं खरं. पण तो हसत होता, आणि त्याच्या शेजारी पुसणाऱ्या मुलाशी त्याची शर्यत लागली होती.

वेल, शर्यती आणि भूकंप

पहिलीतलं प्रत्येक मूल एका कुंडीत ‘आसागाओ’ लावतं. आपल्या गणेशवेलीच्या जातकुळीतला, सकाळी फुलणारा वेल. रोज पाणी घालायचं, पानं मोजायची, चित्र काढायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीला कुंडी घरी येते. पाचवी-सहावीची मुलं ग्रंथालय सांभाळतात, दुपारी ध्वनिक्षेपकावरून गाणी आणि सूचना देतात, सशांना चारा घालतात. याच दोन वर्षांत गृहविज्ञान शिकवतात. भात शिजवणं, मिसोचं सूप, सुईदोरा. १९४७ पासून हा विषय प्राथमिक शाळेत मुलग्यांनाही आहे. वरच्या शाळांत मात्र तो वर्षानुवर्षं मुलींच्याच गळ्यात होता. मुलग्यांनाही तो सक्तीचा झाला, तो माध्यमिकला १९९३ साली आणि त्यापुढच्या शाळेत १९९४ साली.

क्रीडादिन म्हणजे गावची जत्राच. लाल आणि पांढरा असे दोन पक्ष, टोपी एका बाजूने लाल, उलटली की पांढरी. उंच टोपलीत चेंडू टाकणं, रस्सीखेच, पळती साखळी. एकट्याच्या पहिल्या नंबरापेक्षा आपला पक्ष जिंकला का, याची सगळ्यांना उत्सुकता.

याच शाळेच्या व्यायामशाळेत भूकंपाच्या वेळी सारी वस्ती आसऱ्याला येते. टोकियोकडच्या मुलांच्या खुर्चीवर जी जाड उशी असते, तिचीच डोक्यावरची टोपी होते. १९२३ सालच्या महाभूकंपाची आठवण म्हणून १ सप्टेंबरला देशभर सराव असतो. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत कामाइशीच्या उनोसुमाई भागातल्या माध्यमिक शाळेच्या मुलांनी शेजारच्या प्राथमिक शाळेतल्या लहानग्यांचे हात धरले आणि सगळी उंचावर पळाली. शाळेत असलेली ती पोरं वाचली. त्याच दिवशी इशिनोमाकीच्या ओकावा प्राथमिक शाळेत मोठी माणसं कुठे जावं हे ठरवत राहिली, मुलं अंगणात थांबली, आणि ७४ मुलं व १० शिक्षक गेले. नुसती शिस्त पुरत नाही. मुलांना स्वतःचं डोकं चालवून पाऊल उचलता आलं पाहिजे, हे त्या देशाने फार मोठी किंमत देऊन शिकलं.

दुसरी बाजू

सगळंच सोन्याचं आहे असं मी म्हणणार नाही. सगळ्यांनी एकसारखं वागायचं, हा ताण काही मुलांना झेपत नाही. प्राथमिक आणि माध्यमिक मिळून तीन लाखांहून अधिक मुलं दीर्घकाळ शाळेत जात नाहीत, असं २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत दिसलं. मुलंच कमी जन्मत असल्यामुळे दरवर्षी शेकडो शाळा बंदही होत आहेत.

आणि मला सगळ्यात बोचली ती गोष्ट वेगळीच. सहा वर्षं पोतेरं मारलेले हे मुलगे मोठे झाले की काय करतात? घरकामाच्या बाबतीत जपानी पुरुष श्रीमंत देशांच्या यादीत अगदी तळाशी असतात. लेकीच्या शेजारीण जपानी. त्यांचं म्हणणं ऐकून हसावं की रडावं कळेना. त्यांचे यजमानही लहानपणी शाळेत पळीने वाढत होते, पण आता घरात पळी कोणत्या खणात असते, हे त्यांना ठाऊक नाही! म्हणजे शाळेने शिकवलं, पण घराने ते पुढे चालवलं नाही. ऑफिसने रात्री दहापर्यंत माणूस अडकवून ठेवला, आणि बाईनेही सगळं आपल्याकडे घेतलं.

म्हणून, मैत्रिणींनो, आपली शाळा तशी नाही म्हणून हळहळत बसण्यात अर्थ नाही. घर तर आपल्या हातात आहे! तिकडे मुलांना कामाचा ‘वार’ लावून दिलेला असतो. आज वाढण्याचा वार तुझा, उद्या त्याचा. आपण मात्र मुलाने ताट उचललं की ‘आईला मदत करतो हो!’ म्हणून कौतुक करतो. मदत म्हटली की काम आईचंच राहतं. वार म्हटला की ते घराचं होतं. पाटावर पानं मांडणं, वरण वाढणं, ओटा पुसणं, रविवारी आपले बूट आपण धुणं, एवढं सहा-सात वर्षांच्या पोराला सहज जमतं. थोडं सांडेल, थोडं पुसायचं राहील. ते पाहून पोतेरं त्याच्या हातातून काढून घेण्याचा मोह मात्र आपण आवरायचा.