जंबेरीच्या बीतले कोंब

नागपूरहून काटोलला निघालेली एसटी कळमेश्वर मागं टाकते आणि पुढं संत्र्याच्या बागा सुरू होतात. हे झाड रघुजी भोसल्यांनी औरंगाबादहून आणलं, असं नागपुरात कोणीही सांगतं. कोणत्या रघुजींनी, एवढं मात्र विचारू नये. तिघं होऊन गेले.

काटोलच्या अलीकडं एका रोपवाटिकेत उतरलो. मालकानं जंबेरी लिंबाची भिजवलेली बी नखानं सोलून तळहातावर ठेवली. आत एकमेकांना चिकटलेले तीन गर्भ. “यातला एखादाच बापाचा राहते भाऊ. बाकी सारे आईचेच.” फलनाशिवाय, आईच्याच पेशींतून वाढलेले. म्हणून तर वाफाभर रोपं एकसारखी. त्याच खुंटांवर संत्र्याचा डोळा बांधायचा. वेगळ्या पानांचं एक रोप दिसताच त्यानं ते उपटलं.

मला ब्रनोच्या मठातला मेंडेल आठवला. १८६६ साली वाटाण्यावरचा निबंध छापून झाल्यावर तो हॉकवीड नावाच्या पिवळ्या रानफुलाकडं वळला. भिंगाखाली इवल्या फुलांचे संकर करताना डोळे शिणले. आणि संततीत वाटाण्यासारखी फाटाफूट होईचना; संकरित रोप पुढच्या पिढीत जसंच्या तसं उतरे. कारण १९०३ साली कळलं, तो गेल्यावर एकोणीस वर्षांनी. डेन्मार्कच्या ऑस्टेनफेल्ड आणि राउनकियेर यांनी हॉकवीडच्या कळ्यांचे शेंडेच पुंकेसर-कुक्षींसकट कापून टाकले, तरी बी धरलं. जंबेरीचीच गत, बाप नावाला.

म्युनिकच्या नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञानं मेंडेलला या फुलाच्या नादी लावलं आणि तो खचला, ही जुनी कहाणी. पण नेगेलीला धाडलेल्या पहिल्याच पत्रात, १८६६च्या ३१ डिसेंबरला, मेंडेलनं हॉकवीड आपण निवडल्याचं लिहिलंय. काही संकर पिढ्यान्‌पिढ्या स्थिर राहतात, हे तर वाटाण्याच्या निबंधातच आहे. म्हणून काही इतिहासकार आता म्हणतात, तो वाटाण्याचा पडताळा घेत नव्हता, दुसऱ्या प्रकारचा, स्थिर राहणारा संकर मुद्दाम धुंडाळत होता. इतिहासकार रॉबर्ट ओल्बी यांनी १९७९ सालीच विचारलं होतं, मेंडेल तरी मेंडेलवादी होता का? त्याला आनुवंशिकतेचा जनक ठरवणारे नंतरचे. त्याच्या डोक्यात संकरांचा प्रश्न होता. मला हे पटतं. हरलेला माणूस कहाणीत शोभतो, पण पत्रांत तो दिसत नाही.

निघताना उपटलेलं रोप मागून घेतलं. मालक हसला. “ने ना. पण त्याले फळ कसं येईन, सांगता येत नाही जी.”