मोजून अठ्ठावीस

नाकुरू, केनिया

ती. मामांना सा. न.

‘रोहित पक्षी किती लाख दिसले?’ हाच तुमचा पहिला प्रश्न असणार. मोजून अठ्ठावीस. हसू नका.

नाकुरू तळ्याचं हे उद्यान १९६८ मध्ये झालं, ते या पक्ष्यांच्याच जिवावर. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत तळं इतकं चढलंय, की जुनं प्रवेशद्वारसुद्धा पाण्यात गेलं. पाणी वाढलं तसा त्यातला खार पातळ झाला. धाकट्या रोहिताचं पोट खाऱ्या पाण्यातल्या स्पिरुलिनावर. तेच ते, ज्याच्या गोळ्या आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळतात. ते विरळ झालं आणि थवे उत्तरेला बोगोरिया तळ्याकडे पांगले. उरलेले अठ्ठावीस चोच उलटी बुडवून चिखलाच्या कडेने चालत होते, अगदी आपल्या शिवडीतल्यासारखे.

गाडीत माझ्याखेरीज पाच जण, पाचही सिंहवाले. मी ‘थांबवा, थांबवा’ म्हटलं की सगळे उसासे टाकायचे. खाली उतरायची सोय नाही. छत वर उचललेलं, त्यातून मान काढून बघायचं. स्वाहिलीत पक्ष्याला ‘न्देगे’ म्हणतात आणि विमानालाही न्देगेच. मामा म्हणजे आई, पण आदराने कुठल्याही बाईला म्हणतात. दुपारपर्यंत चालकाने माझं बारसं केलं होतं : मामा न्देगे!

काठावरच्या पिवळ्या सालीच्या बाभळी बुडून वाळल्यात. तापाची झाडं म्हणतात त्यांना. जुन्या गोऱ्यांना वाटायचं, मलेरिया या झाडांमुळेच होतो. आता त्या सांगाड्यांवर पाणकावळे पंख पसरून बसतात. एका खुंटावरून आपला कवड्या खंड्या उडाला, पाण्यावर एकाच जागी फडफडत राहिला आणि दगडासारखा खाली पडला. वर आला तो मासा घेऊन. खुंटावर दोनदा आपटला, फिरवून डोक्याकडून गिळला. तळ्यात मुळात मासेच नव्हते. डासांवर उपाय म्हणून तिलापिया आणून सोडला, आणि त्याच्या मागे पेलिकन आले. खंड्याच्या त्या माशापायी मी मत्स्यगरुड घालवला. सिंहवाल्यांनी तो पाहिला, फोटोही काढला. काय बोलायचं!

दुर्बिणीचा पट्टा तुटलाय, रागावू नका. ऐरोलीला यंदा किती रोहित आलेत, ते मोजून ठेवा. अंदाजपंचे नको.

तुमची भाची