कुंभार्ली घाट आणि एक पिवळा दिवा

कुंभार्ली घाट उतरावा तो भाद्रपदात. पाटण मागे पडले की डोंगर जवळ येऊ लागतात. महाबळेश्वराकडून दक्षिणेला धावत आलेली कोयना हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि आपण मात्र पश्चिमेला, कोकणाच्या तोंडाशी येतो. यंदा गौरी-गणपतीसाठी आम्ही पुण्याहून गुहागरला, सौ.च्या माहेरी निघालो होतो. मागे आई आणि धाकटी. बाहेर रिपरिप पाऊस. अशा वेळी माणसाने धबधबे पाहावेत. मी स्टिअरिंगमागचा एक पिवळा दिवा पाहत होतो.

दिव्यात ‘एबीएस’ अशी अक्षरे होती. खरे सांगायचे तर ती मी तीन दिवस पाहत होतो. ब्रेक लागत होते, मग उगाच कुणाला कशाला सांगा?

हेळवाकला चहाला थांबलो. शेजारीच एक गॅरेज होते. मिस्त्रींनी आधी ब्रेकचे तेल पाहिले. “तांबडा दिवा लागला असता तर गाडी हलवूच दिली नसती,” ते म्हणाले. “हा पिवळा. म्हंजे साधा ब्रेक आहे, पण ओल्यात जोरात दाबलात तर चाक जाम होईल, गाडी घसरंल आणि स्टिअरिंग ऐकायचं नाही.” चाक जाम होऊ लागताच ब्रेक क्षणभर सोडायचा, पुन्हा धरायचा, हे काम ही यंत्रणा सेकंदाला अनेकदा करते. त्यासाठी प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा सेन्सर असतो. एकाने जरी मौन धरले तरी सगळी यंत्रणा संप पुकारते. (आमच्या प्राध्यापक संघटनेला हे कधी जमले नाही!)

डॅशबोर्डखाली त्यांनी एक छोटे यंत्र जोडले. “पुढचं डावं चाक. पण सेन्सर गेलाय का नुसती वायर, ते हे सांगत नाही. ते डोळ्यानं बघायचं.” बरेच जण इथेच नवा सेन्सर घालून मोकळे होतात म्हणे. त्यांनी चाक काढले, चिखल धुतला, वायरीचा जोड उघडला. तांब्याच्या भांड्यावर चढावा तसा आत हिरवा कळंक!

“किती दिवस झाले साहेब?” जोड घासता घासता त्यांनी विचारले.

सौ. चहाचा कप घेऊन शेजारीच उभी होती. “आजच...” ओठांवर आले होते. मागच्या सीटवर धाकटी आजीच्या मांडीवर झोपलेली दिसली.

“तीन दिवस,” मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. कप तेवढा खाली ठेवला.

जोड कोरडा करून बसवला, यंत्राने जुनी नोंद पुसली आणि मिस्त्री स्वतः शेजारी बसून कोयनानगरच्या रस्त्याला एक फेरी मारून आले. दिवा विझलेलाच राहिला. “किल्ली फिरवल्यावर दोन-चार सेकंद लागून विझला पाहिजे,” त्यांनी बजावले. “अजिबात लागलाच नाही, तरी दाखवा.”

घाट धुक्यात होता. दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश उतरलो. पोफळीपर्यंत गाडीत फक्त वायपरचा आवाज. चिपळूणला वाशिष्ठी दिसली तेव्हा कुठे आईने मोरया म्हटले.

परतीच्या दिवशी किल्ली फिरवली, तर सौ. माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती. हल्ली भाजीला निघालो तरी दिवे तीच मोजते, आणि शेवटचा विझेपर्यंत मला गिअर टाकू देत नाही.